आप्पांचा पुतळा

सांगलीला विश्रामबागेत, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर ‘तरतूद’ नावाची कंपनी होती. खाली लग्नं लागायची आणि वर लोकांच्या म्हातारपणाची सोय व्हायची. दोन्ही धंद्यांत सुरुवातीला गिऱ्हाईक खूश असे.

‘तरतूद’ आर्थिक सल्लागारांसाठी ऑनलाइन नियोजनाचं सॉफ्टवेअर बनवायची. देशभरातले अकरा हजार सल्लागार ते वापरत. ग्राहकाचं वय, उत्पन्न, मुलांची शिक्षणं, हौशी आणि आजारपणं असं सगळं त्यात भरलं, की पडद्यावर एक हिरवी रेघ उमटायची आणि माणूस नव्वदीचा होईपर्यंत चालत राहायची. माणसाच्या आधी पैसे संपले तर रेघ लाल व्हायची. पैशांच्या आधी माणूस संपला तर ती हिरवीच राहायची. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो उत्तम निकाल होता.

अभिनंदन मगदूम तिथे नऊ वर्षं प्रोग्रामर होता. त्याच्या टेबलाखाली बरोबर पंगतीची जागा यायची. लग्नसराईत दुपारी बारानंतर जमिनीतून आवाज येत: “अहो घ्या हो, एकच घ्या! नाही म्हणायचं नाही, माझी शपथ!” अभिनंदन कानांवर हेडफोन चढवायचा आणि माणसांच्या इच्छा समजून घेणारा प्रोग्राम लिहायला लागायचा.

तो प्रोग्राम २०३८ साली पूर्ण झाला. अडचण जुनीच होती. सल्लागारांना ग्राहकांकडून उत्तरं मिळत नसत. निवृत्तीनंतर गावी राहणार की शहरात? मुलाला घरासाठी मदत करणार का? लोक म्हणत, “बघू.” आणि ‘बघू’ हे सॉफ्टवेअरच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. म्हणून ग्राहकाऐवजी उत्तरं देणारं यंत्र बनवायचं ठरलं. त्यासाठी माणसाचे तीन वर्षांचे बँकेचे संदेश घ्यायचे. तो कशावर पटकन खर्च करतो, कशावर चार दिवस रेंगाळतो, हे त्यातून कळतं. मग सहाशे प्रश्नांची मुलाखत, आवाजासकट. कारण ‘चालेल’ हा शब्द माणूस अकरा प्रकारे म्हणतो आणि त्यातल्या चारच प्रकारांत चालतं. यातून यंत्र त्या माणसाच्या भीतीचं, हौसेचं, चिकटपणाचं गणित मांडायचं. शेवटी शंभर नवे प्रश्न माणसाला वेगळे आणि यंत्राला वेगळे विचारायचे. शंभरातली चौऱ्याण्णव उत्तरं जुळायची. माणूस आपल्याला अथांग वाटतो. निर्णयांपुरता तो पाऊण बादलीत मावतो.

कागदोपत्री याला ‘ग्राहक-प्रतिकृती’ म्हणत. बाकी सगळे ‘पुतळा’ म्हणत.

कंपनीचे मालक सबनीस सर. पूर्वी ते विमा विकायचे आणि अजूनही कोणाशी बोलताना खिशातलं पेन काढून हातात धरायचे. मुलाखतीचा नियम त्यांनी घालून दिला होता. “पहिलं उत्तर मनातलं, दुसरं जनातलं. प्रत्येक प्रश्न एकदाच विचारायचा.” अभिनंदनने त्यात स्वतःची भर घातली. उत्तरानंतर दोन सेकंद शांतता झाली की पुढचा भाग कापायचा. नुसता पंख्याचा आवाज साठवून काय करायचं? त्यामुळे साठवणुकीची जागा एकेचाळीस टक्के वाचली, आणि अभिनंदनला वार्षिक समारंभात भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

नव्या गोष्टीची पहिली चाचणी कर्मचाऱ्यांनी आपापल्या आईवडिलांवर करायची, ही कंपनीची जुनी पद्धत. आईवडील फुकट असतात आणि तक्रार करायची झाली तर जेवताना करतात. नमुना क्रमांक एक म्हणून अभिनंदनने आप्पांना बसवलं.

आप्पा म्हणजे त्याचे वडील. जन्मभर टेलिफोन खात्यात, खांबावर चढण्यापासून सुरुवात करून खुर्चीपर्यंत आलेले. समोरासमोर बोलतानाही दोन वाक्यांनंतर “येतोय ना आवाज?” असं विचारायची सवय त्यांना होती. तेवढंच प्रसिद्ध होतं त्यांचं ‘नको’. पंगतीत ते ताटावर आडवा हात धरत, पण बोटं अशी फाकवून, की मधून जिलेबी आरामात जावी.

मुलाखत घरीच, टॅबलेटवर, चार रविवार चालली. नुसता आवाज जाणार होता तरी आप्पांनी चारही रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला.

“सहाशे प्रश्न?” ते म्हणाले. “लग्नाच्या वेळी तुझ्या आईला मी दोन विचारले होते.”

“त्यातला एक गाणं येतं का हा होता,” आई आतून म्हणाली. “आणि त्या टॅबलेटमधल्या बाईंना चहा चालत असला तर विचार. सकाळपासनं बोलतीय बिचारी.”

पहिला पुतळा तयार झाला तेव्हा सबनीस सरांनी ऑफिसात नारळ फोडला. पुतळ्याला पहिला प्रश्न विचारला: आप्पासाहेब, पेढा घेणार? पुतळा म्हणाला, “नको.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हुबेहूब आवाज होता.

---

पुतळे खपले. आधी सल्लागार ग्राहकाच्या पुतळ्याला विचारून योजना बनवत आणि मग ग्राहकाची सही घेत. मग लोकांच्या लक्षात आलं, की घरच्यांनाही कशाला विचारायचं? माणसाला विचारलं की तो आधी चिडतो, मग विषय बदलतो, मग मागच्या दिवाळीचं काढतो. पुतळा नुसतं उत्तर देतो. कुपवाडच्या एका सोसायटीची सर्वसाधारण सभा पुतळ्यांनी घेतली. स्थापनेपासून प्रथमच गणसंख्या पूर्ण झाली आणि नेहमीप्रमाणे सगळे ठराव फेटाळले गेले. मिरजेतल्या एका जोडप्याच्या पुतळ्यांनी सव्वाचार सेकंदांत घटस्फोटाची बोलणी पूर्ण केली. जोडप्याला मोबाइलवर संदेश आला तेव्हा ती दोघं एकाच ताटातलं भडंग खात होती. त्यांनी कागद वाचले. कागदांत नाव ठेवायला जागा नव्हती. महिन्याभरात ती वेगळी झाली.

अभिनंदनलाही सोय झाली होती. दिवाळीला आप्पांना घड्याळ घेऊ का? पुतळा: नको. काश्मीरला जाता का, मी तिकिटं काढतो? नको, कशाला उगंच. खरे आप्पा पलीकडच्या खोलीत बसलेले असायचे. त्यांना विचारलं असतं तरी तेच म्हणाले असते, चौऱ्याण्णव टक्के.

मग आप्पांना जिना चढताना दम लागायला लागला.

मिरजेच्या डॉक्टरांनी अभिनंदनला एकट्याला आत बोलावलं. हृदयातली एक झडप अरुंद झाली होती. बदलली तर आणखी बारा-पंधरा वर्षं सहज. नाही बदलली तर औषधांवर वर्षभर, फार तर दीड. “वय एकाहत्तर, बाकी तब्येत खणखणीत. मी तर म्हणेन करून टाका. पण त्यांची मनापासून तयारी पाहिजे. त्यांच्याशी बोला आणि मला सांगा.”

विम्यातून निम्माही खर्च निघत नव्हता. उरलेल्यासाठी आप्पांची ठेव मोडावी लागणार होती, आणि ती ठेव अभिनंदनच्या फ्लॅटसाठी होती. त्याने तिथूनच आप्पांच्या सल्लागार उज्ज्वला नलवडे यांना फोन केला. त्यांनी पंधरा मिनिटांत दोन योजना मांडल्या, एक ऑपरेशनची आणि एक औषधांची, आणि दोन्ही पुतळ्यापुढे ठेवल्या.

“नको,” पुतळा म्हणाला. “आहे ते बरं आहे.”

पडद्यावर सूचना आली: ‘खात्री ९६ टक्के. हा पर्याय ग्राहकापुढे मांडू नये. नात्यातील विश्वास कमी होण्याची शक्यता.’

ही सूचना अभिनंदननेच लिहिलेली होती.

“विचारायचं का तरी?” नलवडे मॅडम म्हणाल्या. “वडील आहेत तुमचे.”

“काय उपयोग मॅडम? उगाच चिडतील. हार्टचं दुखणं आहे.”

त्याला वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी, भांड्याच्या बुडाला साखर राहावी तसं, थोडं बरंही वाटलं. हे त्याने पुढे कोणालाही सांगितलं नाही.

दवाखान्याच्या बाकावर आप्पा चप्पल काढून, पाय वर घेऊन बसले होते.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“औषधं चालू ठेवायची.”

“एवढंच?”

“एवढंच.”

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. घसा खाकरला. समोरच्या भिंतीवर हृदयाचं मोठं चित्र होतं, त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं.

“बरं,” ते म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

घरी आईने स्वयंपाकघरात गाठलं. “ऑपरेशन करतात ना याच्यावर? शेजारच्या कोरेंचं झालं की.”

“आप्पा नको म्हणाले.”

“असं कसं नको म्हणाले? मी बोलते.”

“नको आई. डॉक्टर म्हणाले, त्यांच्यापुढे विषयच काढू नका. त्रास होईल.”

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. पण ते त्या सूचनेच्या पुढचंच वाक्य होतं आणि अभिनंदनला ते सहज सुचलं.

सात महिन्यांनी एका सकाळी आप्पा दाढीचं सामान मांडून आरशासमोर बसले ते उठलेच नाहीत. गालाला साबण लावलेला होता. ‘तरतूद’मध्ये नमुना क्रमांक एकची हिरवी रेघ त्या दिवशीही नव्वदीपर्यंत जात होती.

---

सबनीस सर दहाव्याला आले, पेन खिशात ठेवूनच बोलले आणि जाताना म्हणाले, “आप्पांचा पुतळा आपण काढायचा नाही. नव्या सल्लागारांना सरावासाठी ठेवू. अकरा हजार लोक त्यांच्याकडून शिकतील. एवढं कुणाच्या वाट्याला येतं?”

हे खरं होतं. एवढं कुणाच्याच वाट्याला येत नाही.

तीन महिन्यांनी त्यांनीच अभिनंदनला केबिनमध्ये बोलावलं. हातात पेन होतं.

“अरे, तुझे वडील पोरांना नापास करतायत.”

“म्हणजे?”

“सराव परीक्षेत. काहीही मांडा, नको. विमा नको, सहल नको, नवा फ्रीज नको. जबलपूरची एक मुलगी रडली. बघ जरा, होकार थोडा वाढव.”

“थोडा म्हणजे किती, सर?”

“जगरहाटीत असतो तेवढा.”

होकार वाढवायचा तर तो मुळात कुठे आहे ते शोधायला हवं होतं. अभिनंदनने कपाटातून जुनी डिस्क काढली. मुलाखतीचं मूळ, न कापलेलं ध्वनिमुद्रण तिच्यात होतं. खाली लग्न चालू होतं. त्याने हेडफोन चढवले.

“घरात नवा फ्रीज घ्याल का?” यंत्रातली बाई विचारत होती.

“नको,” आप्पा म्हणाले. “चालतोय की आहे तो.”

दोन सेकंद झाले. इथे कापलं होतं. त्याच्या पुढे खुर्ची कुरकुरली, पंखा फिरत राहिला, आणि आप्पा म्हणाले, “...आवाज करतो म्हणा जरा. हिला त्रास होतो.”

“धन्यवाद. पुढचा प्रश्न.”

अभिनंदनने पुढचा ऐकला. मग त्याच्या पुढचा. काश्मीर: नको, कशाला उगंच. दोन सेकंद. “...बर्फ मात्र बघितला नाही कधी.” नवं घड्याळ: नको. दोन सेकंद. “...पट्टा तुटलाय खरा.” प्रत्येक ‘नको’च्या मागे आप्पा थांबत होते, कोणीतरी “अहो घ्या हो” म्हणेल म्हणून. कोणी म्हणत नव्हतं. बाई धन्यवाद म्हणत होती. शंभर पडताळणी प्रश्नही एकेकदाच विचारलेले होते, त्यामुळे तिथेही चौऱ्याण्णव वेळा नकार जुळला होता. हिशेबात कुठेही चूक नव्हती. हात ताटावर आडवा होता आणि यंत्राने बोटं मोजली नव्हती.

दोनशे बारावा प्रश्न: “स्वतःच्या आजारपणासाठी मोठा खर्च करावा लागला, तर ठेव मोडाल का?”

“नको. आहे ते बरं आहे.”

एक. दोन.

घसा खाकरल्याचा आवाज आला. “...आता अभी फारच म्हणायला लागला, तर मग—”

“धन्यवाद. पुढचा प्रश्न.” बाईच्या आवाजाखाली आप्पा आणखी काहीतरी पुटपुटत होते. अभिनंदनने ते सात वेळा लावलं. कळलं नाही.

चारशेच्या पुढे आप्पांनी थांबणं सोडून दिलं होतं. ते ‘नको’ म्हणत आणि गप्प बसत. सहाशेव्या प्रश्नानंतर ते म्हणाले, “एवढंच?” मग बराच वेळ नुसता पंखा. मग, “परत नाही विचारणार? हॅलो? येतोय ना आवाज?”

अभिनंदनने हेडफोन काढले. जमिनीतून कोणीतरी ओरडत होतं, “हात काढा हो पाव्हणं, हात काढा!”

---

त्याने सबनीस सरांना सगळं सांगितलं. सर पूर्ण ऐकून घेऊन म्हणाले, “म्हणजे प्रत्येक प्रश्न तीनदा विचारायला पाहिजे होता.”

“हो सर.”

“वा,” सर म्हणाले, आणि पेनने कागदावर काहीतरी लिहिलं. “याचे वेगळे पैसे घेता येतील.”

दोन महिन्यांत नवी आवृत्ती आली. तिचं नाव ‘आग्रह’. कापलेला आवाज परत जोडून आप्पांचा पुतळा पुन्हा शिकवला. तो आता पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचा, दुसऱ्यांदा ‘कशाला उगंच’, आणि तिसऱ्यांदा गप्प बसून मग ‘तुम्ही एवढं म्हणताय तर’. परीक्षेतला सातवा सराव हृदयाच्या ऑपरेशनचा होता. तो सबनीस सरांनी घातला होता, सन्मान म्हणून.

निकाल अभिनंदनच्या पडद्यावर यायचे. जबलपूरच्या मुलीचा पहिला आला: ‘तीन वेळा विचारले. ग्राहक तयार. ठेव मोडली. झडप बदलली. प्रकृती उत्तम. मार्चमध्ये पत्नीसह काश्मीर.’ मग रायपूर, मग हुबळी, मग अकोला. दिवसाला दोन-अडीचशे सल्लागार आप्पांना वाचवत होते. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं अशा माणसांनी तीनदा विचारलं होतं. जो घरात होता त्याने एकदाही नाही.

एका बुधवारी, निकाल आठ हजारांच्या पुढे गेल्यावर, तो ऑफिसातून लवकर उठला आणि घरी गेला.

दिवस मावळायच्या आत जेवायची आईची पद्धत. तिने काही न विचारता दुसरं ताट घेतलं. भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी. भिंतीवर आप्पांचा फोटो होता. त्याचा हार वाळून दोरा दिसत होता. आई हार बदलत नसे. अभिनंदनला ते विसरणं वाटायचं.

“आई, आप्पांना मी विचारलं नव्हतं.”

“काय विचारलं नव्हतं?”

“ऑपरेशनचं. ते नको म्हणाले असं मी तुला सांगितलं. ते नव्हते म्हणाले. पुतळा म्हणाला.”

“त्या टॅबलेटवरच्या बाईंचं मशीन?”

“हो.”

“आणि डॉक्टर? विषय काढू नका म्हणालेले?”

“ते पण नव्हते म्हणाले.”

आईने हातातली भाकरी ताटात ठेवली. अभिनंदनने मोबाइल काढून दोनशे बारावा प्रश्न लावला. घरात आप्पांचा आवाज आला. आई ताठ बसून ऐकत होती.

“परत लाव,” ती म्हणाली.

त्याने परत लावला.

“त्या बाईच्या आवाजाखाली काय म्हणतायत कळलं तुला?”

“नाही.”

“‘हिला एकटीला करमायचं नाही’ म्हणतायत.” चव्वेचाळीस वर्षं ती हे पुटपुटणं ऐकत आली होती. तिला सात वेळा लावावं लागलं नाही.

बाहेर रस्त्यावरून कोणाची तरी वरात चालली होती. ती पुढे निघून गेल्यावर आईने ताट बाजूला सारलं.

“सात महिने मी ह्यांच्याशी धड बोलले नाही, अभी,” मग ती म्हणाली. “चहा पुढ्यात ठेवायचे आणि उठून यायचे. माझ्याबरोबर जगायचा कंटाळा आला म्हणून नको म्हणाले, असं धरून बसले होते. एक दिवस मला म्हणाले, तू तरी विचार की काहीतरी. मी म्हणाले, मला काय विचारायचं नाही.”

अभिनंदनला रडू आलं नाही. तो भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत राहिला. वाटी रिकामी झाली.

आईचं लक्ष वाटीकडे गेलं. ती उठली, आमटीचं पातेलं घेऊन आली आणि पळी भरून त्याच्या ताटावर धरली. या घरात तिच्या पळीला चव्वेचाळीस वर्षांत कोणी अडवू शकलं नव्हतं. ‘नको’ म्हणणाऱ्याला ती दोन पळ्या जास्त वाढायची.

“आमटी?”

“नको,” अभिनंदन म्हणाला, आणि त्याने वाटीवर हात आडवा धरला.

पळी तशीच राहिली. एक. दोन. तो थांबला. त्याने घसा खाकरला.

“बरं,” आई म्हणाली, आणि पातेलं घेऊन आत गेली.